वरच्या मजल्याची किंमत

ती. आत्याला भाच्याचा वाकून नमस्कार. लेकीकडे जाऊन केलेलं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे ताईच्या फोनवरून कळलं. पट्टी आहे तोवर हे पत्र तिच्याकडूनच वाचून घे (म्हणजे तिला वेगळं लिहायला नको). इथे सगळं आहे तसंच आहे, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरचा चष्मेवाला तुझी चौकशी करतो. गिऱ्हाईक नसलं की तो सगळ्यांचीच चौकशी करतो, त्यामुळे हल्ली दिवसभर करतो.

काकांना कर्ज हवंय. बँकेला त्यासाठी आपल्या कंपनीचा ताळेबंद हवा आणि ऑडिटरला त्यात इमारतीची आजची किंमत. भाड्याने द्यायला ठेवलेली इमारत आहे, तेव्हा ती बांधायला काय लागलं याला अर्थ नाही, आज बाजारात कुणी काय देईल ते सांगा, असं त्याचं म्हणणं. काकांना हे आवडलं होतं. गेली कित्येक वर्षं ते मनातल्या मनात इमारत विकत असतात, आणि मनातलं गिऱ्हाईक फार उदार आहे. किंमत ठरवायला मूल्यांकक येणार म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. मधला मजला विम्याचं ऑफिस गेल्यापासून ओस पडलाय. दिवसासुद्धा दिवा लागतो, भिंतींना ओल आहे, आणि मागे राहिलेल्या एकुलत्या एक खुर्चीला तीन पाय आहेत. असल्या मजल्याला कोण भाव देणार?

म्हणून काकांनी काकूला भाडेकरू केलं. शिलाई मशीन वर चढवलं (माझ्या पाठीवरून, कंबर अजून बोलते आहे), दोन पडदे टांगले आणि काकूला शिवणवर्गाच्या बाई म्हणून बसवलं. विद्यार्थी मी. काका मालक म्हणून दारात उभे, काकूकडे अनोळखी बाईसारखं बघत (त्यांना फारसा अभिनय करावा लागला नाही). मूल्यांकक आला तो उंच, वाकलेला, पडेल चेहऱ्याचा माणूस. त्याने ओलीला बोट लावून पाहिलं, खिडकी उघडली, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत दिसल्यावर लगेच मिटली. भाडं किती, असं त्याने काकूला विचारलं. तिने पाठ केलेला आकडा बिनचूक सांगितला, वर पाणी येत नसल्याची तक्रारही केली. सगळं रंगात आलं असताना तिची नजर घड्याळाकडे गेली आणि ती मालकांना म्हणाली, ‘‘अहो, जेवणाआधीची गोळी घेतलीत का?’’ काकांनी सवयीने मान खाली घातली आणि खिशातून गोळी काढली. मूल्यांककाने वहीत एक ओळ लिहिली आणि वही मिटली.

अहवालात आलं, मधला मजला मालकाच्या कुटुंबाच्याच वापरात. झालं. ऑडिटरने तो भाड्याच्या मालमत्तेतून उचलून आमच्या स्वतःच्या जागेत टाकला आणि विचारलं, ही जागा तुम्हाला मिळवून काय देते? काही नाही म्हटल्यावर त्याने तिची हिशेबाच्या पुस्तकातली किंमत निम्म्यावर आणली. हिशेब मी लिहितो, म्हणून ती घट मलाच लिहावी लागली, काका शेजारी उभे असताना. मला फार वाईट वाटलं, आत्या. लिहून झाल्यावर बेरीज जुळली म्हणून क्षणभर बरंही वाटलं, त्याचं जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून काका जेवताना बोलत नाहीत, आणि काकू गोळ्यांबद्दल विचारत नाही.

बाकी ठीक. जिन्यात सांभाळून चढ-उतार कर, डोळ्याला पाणी लागू देऊ नकोस.

तुझा भाचा

ता. क. हे काकांनी सांगितलं म्हणून लिहितोय. तुझ्या वरच्या मजल्यावर उजेड आहे, पण तू देतेस ते भाडं जुनं, म्हणून त्याचीही किंमत कमी धरली गेली. तू नसलीस तर तो मजला तिप्पट किमतीचा होईल, असं अहवालात आहे. तेव्हा तू आता लेकीकडेच राहावंस आणि जागा मोकळी करून द्यावीस, अशी त्यांची विनंती आहे. सख्ख्या बहिणीशी हे स्वतः बोलायचा त्यांना धीर होत नाही.

आणखी ता. क. वरचा ता. क. काकांना वाचून दाखवलाय, हा नाही. जागा सोडू नकोस. आई गेल्यावर मी जेवलो ते तुझ्याच स्वयंपाकघरात, आणि अजूनही दुसरीकडे मला पोटभर जेवण जात नाही. तुझ्या दाराची किल्ली काकांनी दोनदा मागितली, मी हरवली म्हणून सांगितलं. आता ते कुलूपवाल्याला आणायच्या गोष्टी करताहेत. डोळ्याची पट्टी तिथेही राहणार आणि इथेही राहणार. रविवारी तुला न्यायला येतो. ताईला म्हणावं, सामान बांधून ठेव.