पत्राच्या आधी आलेली पोच

प्रिय बाबा,

हे पत्र आईला लगेच वाचून दाखवू नका. आधी तुम्ही शेवटपर्यंत वाचा. माझी तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. काळजी वेगळीच आहे.

आमच्या ऑफिसातल्या अण्णांबद्दल मी लिहिलं होतं ना, पहिल्या दिवशी मला डब्यातलं अर्धं देणारे मोठे कारकून? मी रुजू झाले तेव्हा त्यांच्या संगणकाचं घड्याळ साडेतीन तास मागे होतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी मी, मला कसं बघवणार? हाताने पुढे केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे! मग वेळ आपोआप जुळवण्याची सोयच बंद करून टाकली. अण्णा सगळ्यांना सांगत सुटले, "पोरगी शिकलेली आहे, हात लावला की काम झालं." मला केवढं बरं वाटलं होतं.

गेल्या सोमवारी अण्णांनी अकरा मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज ईमेलने मुख्य ऑफिसला पाठवले. मुदत पाचची होती. त्यांनी चार वीसला पाठवले, मी शेजारीच बसले होते. तिकडे मात्र त्यावर वेळ दिसली सात पन्नास. अर्ज बाद, आणि अण्णांना नोटीस. निवृत्तीला आठ महिने राहिलेत, आणि साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, तुम्हाला आता पाटी-पेन्सिलच देतो." अण्णाही हसले. पण त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

आज सकाळी मी त्यांच्या संगणकाची सेटिंग उघडली. टाइम झोन, म्हणजे आपण जगाच्या कुठल्या भागात बसलोय ते, दुसऱ्याच देशाचा होता. बिचारा संगणक आधी तिथली वेळ बरोबर दाखवत होता. मी नुसते काटे फिरवले, म्हणून मुख्य ऑफिसात ती वेळ त्या देशातली धरली जाऊन प्रत्येक पत्रावर साडेतीन तास चढत गेले. मी झोन बदलला आणि बघते तर काय! पाठवलेल्या पत्रावर आमच्याकडे चार वीस दिसायचं, आता आमच्याकडेही सात पन्नास! अण्णांच्या बाजूचा एकुलता एक पुरावा मीच पुसला होता. मग शोधता शोधता मुख्य ऑफिसची आपोआप आलेली पोच सापडली. वेळ चार एकवीस. पत्र सात पन्नासचं आणि पोच त्याच्या आधीची कशी असेल? अण्णा सुटतील, अर्जही घ्यावे लागतील.

पण मग साहेब विचारतील, घड्याळाला हात कोणी लावला? अण्णा माझं नाव घेणार नाहीत, आणि तेच जास्त टोचतंय. मला नोकरीत कायम करायचं की नाही, ते शुक्रवारी ठरणार आहे.

एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाची काच तुमच्या हातून तडकली होती, आठवतं? त्याने पाहायच्या आधीच तुम्ही सांगून टाकलंत. आई म्हणाली, "आता दुकानावर पाटीच लावा, चुका कबूल करून मिळतील!" तुम्ही डोळ्याला भिंग लावून पुढचं घड्याळ उघडलंत.

साहेबांना द्यायचं पत्र लिहून ठेवलंय, पोचपावतीची प्रत जोडून. सही राहिलीय. तीनदा पेन उचललं आणि ठेवलं. घरातली पहिली पदवीधर नोकरीला लागली, असं तुम्ही गल्लीभर सांगितलंय. म्हणून आधी तुम्हाला लिहिलं. हे तुमचं पत्र टपालपेटीत पडलं की तुम्हाला कळणारच, मग मला मागे फिरता येणार नाही. पेटी ऑफिसच्या फाटकाशीच आहे. टाकते, आणि वर जाऊन सही करते.

तुमचीच,
पदवीवाली