परास्काबाईंशी भांडण्याबाबत

जर्सी सिटी,
१४ सप्टेंबर

ती. शैलावहिनींस मृणालिनीचा नमस्कार.

आमच्याकडचं भांडण संपत आलं आहे, म्हणून सहा वर्षांनी तुम्हाला लिहावं लागतंय. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे जागेवर आहेत.

शेजारच्या परास्काबाई पंच्याऐंशीच्या. युक्रेनी भाषेची लेम्को नावाची डोंगरी बोली बोलतात. (ती बोली की वेगळी भाषा, असं मी एकदा विचारलं, तर दोन दिवस माझ्याकडे पाहिलं नाही. तुम्ही विचारू नका.) महायुद्धानंतर त्यांचं गावच्या गाव उठवून लांब विखुरलं, त्यामुळे बोलणारे थोडेच उरलेत. केयाने (माझी नात, कॉलेजात भाषाशास्त्र शिकते, मला इंग्रजीत उत्तरं देते) त्यांची बोली रेकॉर्ड करायचं मनावर घेतलं. एक ऑक्टोबरला बाई कायमच्या मुलाकडे, लांब दक्षिणेत कॅरीला जाणार. तिथे सगळा कारभार इंग्रजीत. म्हणजे जे मिळवायचं ते तोवरच.

पण फोन समोर ठेवला की बाई चर्चला जायचे कपडे घालून बसणार आणि "व्हेरी नाइस, गॉड ब्लेस" म्हणून संपवणार. तीन आठवडे केयाच्या हाती काही नाही. मग एका मंगळवारी तळघरातल्या लाँड्री रूममध्ये मशीन थांबून वीस मिनिटं झाली, तरी बाईंचे कपडे आतच. मी ते काढून टोपलीत ठेवले. (नियम भिंतीवर लावलेला आहे. मीच लावलाय.) बाईंनी जे तोंड सोडलं! मला शब्द एक कळला नाही, मुद्दे मात्र सगळे कळले, म्हणून मराठीत उत्तरं दिली. केया ड्रायरवर फोन ठेवून ओरडली, "आज्जी, डोंट स्टॉप!" नंतर तिने ते ऐकवलं तेव्हा बाईंचेच डोळे भरले. मेंढीच्या गळ्यातल्या घंटेला त्यांच्या गावी जो शब्द होता, तो गाव सुटल्यापासून त्यांच्या तोंडी आला नव्हता. माझ्यावरच्या रागात आपोआप आला.

तेव्हापासून दर मंगळवारी दहा वाजता, त्यांच्या संमतीने, आम्ही भांडतो. मी आदल्या दिवशी मुद्दे काढून ठेवते. (बी.ए.च्या परीक्षेला एवढी तयारी नव्हती.) पण सातव्या मंगळवारी खाली गेले, तर माझ्याच कपड्यांच्या घड्या करून ठेवलेल्या आणि वर गरम बटाट्याचे पिरोगी. म्हणजे उकडलेल्या करंज्याच. मी घड्यांना नावं ठेवली, तर बाई हसल्या. त्यांच्या आंबवलेल्या कोबीला नावं ठेवली, तर कृती सांगितली, तीही इंग्रजीत! अशाने कसं व्हायचं? लग्नघरातले शब्द अजून यायचेत. चूल, पातेली, विहीणबाई, मिठाचा अंदाज, यावर कडाडून वाजल्याशिवाय ते येणार नाहीत.

बाकी क्षेम. दादांना नमस्कार.

मृणालिनी

ता. क. सहा वर्षांपूर्वी अनयच्या लग्नात तुमच्या मसालेभातात मी न विचारता मीठ घातलं, त्यावर तुम्ही चाळीस मिनिटं एकही शब्द पुन्हा न वापरता बोललात. माझं लक्ष नव्हतं असं तुम्हाला वाटलं असेल. मला ते पाठ आहे. तुमचा व्हिसा चालू आहे, हे तुमच्या लेकाने, अनयनेच सांगितलं. एक तारखेआधी तो इकडे परत येईल तेव्हा त्याच्याबरोबर या. बोली येत नाही याची काळजी नको, मलाही येत नाही.

ता. क. २. आत्ताच कळलं. परास्काबाईंचा राग दुसऱ्या मंगळवारपासून खोटा होता! केयाला म्हणाल्या, नवरा गेल्यापासून तुझी आज्जी दाराबाहेर पडत नाही, भांडायला तरी खाली येते. मी तडक जाऊन जाब विचारला. पंचेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं, दोघींचाही आवाज बसलाय. तेव्हा भांडणाची टंचाई सध्या नाही. तरी या.

अनयच्या हाती दिलं ते असं: परास्काबाईंनी तुमच्यासाठी विणलेले पायमोजे, एक जोड; त्या घंटेच्या शब्दाचं रेकॉर्डिंग, एक; मीठ, एक पुडा, न फोडलेला. येताना मीठ परत आणा. या वेळी मसालेभातात तुमच्या अंदाजाने घाला.