किनारीतला निळा धागा

३ मार्च, रविवार

आले एकदाची! मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावरून थेट जुन्या नागपुरातल्या विणकर गल्लीत. पंकज म्हणतो, बायकोला वेड लागलंय. लागू दे. सहा वर्षांच्या नूपुरला त्याच्यावर सोपवलं आणि पंधरा दिवसांची रजा टाकली. दिवाळीत बाबा गेले, आणि त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी या घराची किल्ली पत्त्यासकट सापडली. खापरखेड्याच्या वीजकेंद्राची कॉलनी हेच आपलं गाव, असं ते मला जन्मभर सांगत आले. आजोबांचं नाव विचारलं की पेपर उघडून बसायचे. आता घराण्याची वंशावळ लिहूनच परत जाणार.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, त्यावर हातमाग, मागावर अर्धवट विणलेलं लुगडं. घर पंचेचाळीस वर्षं बंद होतं म्हणतात, पण सुतावर धुळीचा कण नाही. शेजारच्या नत्थूजींनी चहा पाजला. ऐंशी ओलांडलेले, पण कान शाबूत. कोणाची पोरगी, म्हणून विचारलं. ताराचंदची म्हटल्यावर कप खाली ठेवला आणि काहून आली वं, एवढंच बोलले.

५ मार्च, मंगळवार

मी पण चिवट आहे. नत्थूजींना मागासमोर आणून बसवलं.

या घरच्या लुगड्याच्या किनारीत प्रत्येक माणसाचा एक रंगीत धागा असायचा म्हणे. सून आली, मूल झालं की नवा धागा जोडायचा. माणूस गेलं की त्याचा कापून गाठ मारायची. मी कागदपत्रं शोधत होते, आणि वंशावळ इथे समोर विणलेली! निळा धागा बाबांचा, तो शेवटपर्यंत सलग आहे. त्याच्याशेजारी लाल आणि पिवळा, दोन्ही एकाच जागी कापलेले. लाल सुभद्राचा, बाबांच्या पहिल्या बायकोचा. पिवळा जनाचा, त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीचा.

माझी एक बहीण होती. आणि बाबांनी मला तिचं नावसुद्धा सांगितलं नाही. इतका संताप आला की ओढणीतून हिरवा धागा उसवला आणि निळ्याच्या शेजारी बांधून टाकला. लपवायचं होतं ना? आता मीही या घरची. नत्थूजी नको नको म्हणत उठून गेले.

७ मार्च, गुरुवार

लुगडं चार बोटं वाढलंय. मोजलं, पुन्हा मोजलं. भर दुपारी मी भाकरी थापत असताना पुढच्या खोलीत माग खटखटत होता. गेले तर सूत आडवं नेणारा धोटा अजून हलत होता. भीती वाटली, खोटं कशाला लिहू? पण जोरात ओरडून सांगितलं, घर माझं आहे, मी कुठे जात नाही.

९ मार्च, शनिवार

पंकजचा फोन. नूपुरला ताप, उतरतच नाही. तशीच निघाले. गल्लीच्या तोंडाशी कमरेला दोर बांधून मागे ओढावं तशी ओढले गेले, रस्त्यावरच पडले. दोनदा प्रयत्न केला, दोनदा तेच.

परत आले तर माझ्या हिरव्याशेजारी एक गुलाबी धागा. मी बांधला नाही. पंकजला विचारलं— नूपुरच्या गुलाबी फ्रॉकची शिवण उसवलीय.

१० मार्च

नत्थूजींनी उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं. आत आले नाहीत. ज्याचा धागा मागावर, त्याला घर सोडत नाही. सुटायचं तर दुसऱ्या कोणाचा तरी कापून द्यायचा. बाबांना माग नको होता, वीजकेंद्रातली नोकरी हवी होती. त्यांनी जनाचा कापला. खेळत होती पोरगी अंगणात. संध्याकाळपर्यंत संपली. सुभद्राने ते पाहिलं आणि स्वतःचा कापला.

बाबा कॉलनीत राहायला गेले. माझं बारसं थाटात केलं.

आता घर मला विचारतंय. हिरवा की गुलाबी.

११ मार्च

ताप एकशे चार. गुलाबी ताणला जातोय—

माझाच कापावा? मग नूपुर उरेल इथे, एकटी, मागावर. नाही. बाबांनी केलं ते मी करणार नाही. सुभद्राने केलं तेही नाही.

१२ मार्च, दुपार

कात्री आणलीय. पाय खड्ड्यात सोडून बसलेय, वही मांडीवर.

गेलेल्याचा धागा कापायचा, हाच नियम ना? मग निळा अजून कसा सलग? बाबा, तुम्ही गेलात. तुमचा कोणी कापलाच नाही. घराला तोच देते, आम्ही दोघी सुटू.

निळा धरला. गरम आहे— पलीकडून कोणीतरी ओढतंय—

बाबांचा आवाज. घरी नेहमी पुस्तकी मराठी बोलायचे. आज नाही. माहा नको कापू वं. पोरीचा काप अन् निघून जाय. तीनदा तेच. पोरीचा काप.

गुलाबी आपोआप पात्यांत सरकतोय— मध्ये बोट घातलं— रक्त—

नाही बाबा. आजवर बायकापोरींनीच दिलं. आता तुमचा—

अर्धा तुटला. ते रडतायत. रडू देत.

खड्ड्यात माझा पाय कोणीतरी धरलाय. लहानसा हात. ओढत नाहीये. आधार देतेय.

जना, घट्ट धर. मी काप