दहापैकी चार

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र तसंच टेबलावर टाकशील, हे मी धरूनच चालले आहे. निदान वहिनीने तरी ते तुझ्या हातात कोंबावं. बाबा गेल्यापासून आपण बोललो ते घराच्या चाव्या कुणाकडे, एवढंच. तेव्हा दारातून निघताना तू मला विचारलं होतंस, की मी त्यांच्या शेजारी बसून करत तरी काय होते. आज सांगते. मी हसत होते, दादा.

ऑपरेशन चांगलं झालं होतं. आतड्याचा बिघडलेला तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली होती. आता तो जोड नीट धरतो की नाही, यावर काही दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, असं सर्जन म्हणाले होते. नर्स यायची, नाडी, ताप, रक्तदाब बघायची आणि विचारायची, "आजोबा, दहापैकी किती दुखतंय?" आता, जन्मभर गणिताचे पेपर तपासताना कुणाला सहाच्या वर गुण द्यायचे तर ज्यांच्या जिवावर यायचं, त्यांना हा प्रश्न! तुझी सगळी उत्तरं बरोबर असूनही अक्षरासाठी दोन गुण कापले होते त्यांनी. बाबांनी छताकडे बघत नीट विचार केला आणि म्हणाले, "चार." नर्स खूश. "चारच? तुम्ही तर पैलवान निघालात!" तर म्हणतात कसे, "पहिल्याच पेपरला सढळ हाताने दिले की पोरं शेफारतात." आम्ही दोघी पोट धरून हसलो. बाबांचे चार म्हणजे इतरांचे किती, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि मला त्यात विनोद दिसला.

दुपारी नाडी जलद लागली. नर्सला ते खटकलं, तिने ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पोटावर हात दाबला तेव्हा बाबांनी ओठ घट्ट मिटले, पण हूं की चूं केलं नाही. ताप नव्हता. दुखणं विचारलं तर पुन्हा चारच. मनाची घालमेल असेल, थोडं थांबून बघू, असं म्हणून बाई पुढच्या खाटेकडे गेल्या. मी बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. एका बातमीत मी लाखांचे कोटी केले आणि बाबांनी मला टोकलं नाही. वाटलं, डुलकी लागली असेल. डोळे उघडे होते, दादा. पांघरूण ओढून घेत होते, लगेच लोटून देत होते. आत जोड सुटला होता. संध्याकाळी एकदम धावाधाव झाली, त्यांना परत ऑपरेशनला नेलं, पण तोवर संसर्ग रक्तात भिनला होता.

सर्जन नंतर माझ्याशी बराच वेळ बोलले. कुणावर चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, अशा वेळी ताप उशिरा येतो. आधी नाडी धावते, माणूस बेचैन होतो, स्वतःसारखा राहत नाही. नाडी आम्ही मोजू शकतो, पण हा माणूस आज वेगळा वाटतोय, हे घरच्यांशिवाय कोण सांगणार? त्यांना काय सांगू, की आपल्या घरात दुखतंय म्हणणं म्हणजे नखरे समजले जायचे! आई कधी कण्हली नाही, बाबा नाहीत, मी नाही. बोटात कुसळ गेलं तरी सगळी गल्ली गोळा करणारा तू एकटा, आणि आम्ही तुला भोंगा म्हणून चिडवायचो. आता वाटतं, घरात शहाणा तूच होतास.

माझ्याही आतड्यात तेच निघालंय. वेळेवर सापडलंय, तेव्हा घाबरू नकोस. मात्र तूही तपासून घे, भावाला आवर्जून कळवा असं डॉक्टरांनी सांगितलंय. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, सर्जन बाबांचेच. आता त्यांच्या वॉर्डात रोज घरच्या एका माणसाला विचारतात, "आज या नेहमीसारख्या वाटतात का?" नाही म्हटलं की मोठे डॉक्टर लगेच येऊन बघतात. ह्यांना बसवता येईल, पण तुला तुझे मेहुणे माहीत आहेत. मी बरी आहे म्हटलं की निर्धास्त होऊन चहा शोधायला जातील. लेकीला माझं हसणं खरं वाटतं. मला माझ्या एकाही शब्दावर विश्वास न ठेवणारा माणूस हवाय, आणि तसा सध्या जगात तूच आहेस. राग सोडून ये असं म्हणत नाही, घेऊनच ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, नुसता बसून बघत राहा. मी छान आहे म्हणेन, थट्टा करेन, दमलास, घरी जाऊन झोप म्हणेन. जाऊ नकोस.

तुझीच,
धाकटी