खरवडायचा चेहरा

ब्रुगे, ईस्टरच्या आधीचे उपवास

प्रिय योझिना,

तुझं लग्न ठरल्याचं कळलं आणि लिहायला मात्र आज बसले. रागावू नकोस. रोज तीच खारवलेली हेरिंग मासळी आणि सणाआधी संपवायच्या प्रार्थनापोथ्या. माझ्या आईच्या हाताखाली आपण दोघी रंग खलायला शिकलो, तेव्हा हे काम किती हलकं वाटायचं! आता बाबांना बारीक दिसत नाही, म्हणून पोथ्यांतल्या चित्रांचे चेहरे सगळे माझ्याकडे. सोन्याच्या वर्खावर फुंकर घालायलाही दम उरत नाही.

सोमवारी तुझे होणारे यजमान अद्रियान त्यांची पोथी घेऊन आले. तिच्यात मरियामातेपुढे गुडघे टेकलेल्या त्यांच्या वारलेल्या पहिल्या बायकोचं, आलेतचं, चित्र आहे. तिचा चेहरा खरवडून तिथे तुझा काढायचा. यात वावगं काही नाही. घरात नवी बाई आली की गावात सगळेच असं करतात. झगा, जोडलेले हात, पायाशी बसलेलं कुत्रं तेच ठेवतात. बाबा म्हणाले, "लिविना, पानाचं कातडं वासराचं आहे, बाईचं नव्हे. खरवड आणि मोकळी हो."

चाकू टेकवणार, तोच अद्रियानांसोबत आलेली त्यांची लेक मायकेन दाईचा हात सोडून माझ्या मेजाशी आली. "मावशी, खरवडलेला चेहरा कुठं जातो गं?"

"भुकटी होते, बाळ."

"मग मला पुडीत बांधून दे. आईचे कपडे बाबांनी चर्चला दिलेत."

"चल गं भवाने, कामात लुडबुड नको!" म्हणत दाईने तिला ओढून नेलं.

तेव्हापासून चाकू रोज उचलते, रोज ठेवते. पाप खरवडण्यात आहे की गिऱ्हाइकाचं न ऐकण्यात, हे पाद्रीबाबांना विचारलं, तर म्हणाले, "पोरी, तुझ्या शंका ऐकता ऐकता बाकीचे पापी ताटकळतात." घरी माझ्या बाबांची बोलणी वेगळीच. थकले गं.

योझिना, त्या चित्रासमोर एक नवं पान शिवता येईल. त्यावर मी तुला काढीन, आमच्याकडचा सगळ्यात चांगला निळा वापरून. आलेत राहील तिथेच. अद्रियान माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. पण रोज प्रार्थनेला पोथी उघडलीस की तुझ्यासमोर ती असेल, आणि मिटलीस की तिचा गाल तुझ्या गालाला लागेल. तुझ्या जागी मला हे सोसलं असतं का, खरंच ठाऊक नाही. म्हणून आग्रह करत नाही, नुसतं विचारते. शनिवारी ते पोथी न्यायला येणार आहेत. त्याआधी त्यांना लिहिशील?

तुझ्या गेंटच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच लिविना