साठ टक्के झोप

३ नोव्हेंबर, सोमवार

एकेचाळीस! एकतीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासले, आणि आज सकाळी सहाला पोटच्या पोराने फोन करून मला मार्क सांगितले. कशात? झोपेत.

दिवाळीला आला तेव्हा सौमित्रने हा काळा पट्टा माझ्या मनगटावर चढवला. वेळ दाखवत नाही, तारीख दाखवत नाही. दिवसभर पावलं, रात्रभर झोप आणि ठोके मोजतो, शरीर किती सावरलं याचे शंभरपैकी मार्क काढतो आणि मोबाईलवर पाठवतो — माझ्या, आणि पुण्यात त्याच्याही. महिनाभर फुकट, नंतर वर्षाची वर्गणी. झोप माझी, अंथरूण माझं, वर्गणी कसली?

गणपतीत अंगणात चक्कर येऊन खाली बसले, तेव्हापासून त्याचं एकच टुमणं — अमडापूरचं घर बंद कर, पुण्याला ये. यांना जाऊन चार वर्षं झाली, एकटी व्यवस्थित राहते. चिखलीच्या डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं. तरी ऐकत नाही. शेवटी करार झाला: तीस तारखेपर्यंत सरासरी साठ आली तर वर्षभर पुण्याचं नाव काढायचं नाही. नाही आली तर डिसेंबरात घराला कुलूप. मीच हो म्हटलं. साठ म्हणजे फर्स्ट क्लास. मला काय जड आहे!

५ नोव्हेंबर, बुधवार

अडतीस.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चव्वेचाळीस. काल सकाळी सात चाळीसला "ताण अति" होता म्हणे. असणारच. दुधात पाणी होतं आणि दूधवाला समोर उभा होता. अकराला "व्यायाम, मध्यम". ठेचा कुटत होते.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे चारला उठते म्हणून मार्क कापतो. चाळीस वर्षं चारलाच उठते! सौमित्र म्हणाला, सहापर्यंत नुसती पडून राहा. राहिले. दोन तास आढ्याकडे पाहत होते. पत्र्याला किती खिळे आहेत ते आता सांगू शकते. मार्क — छत्तीस.

मग म्हणाला, झोपण्याआधी श्वास मोज. मोजले. सहाशे बाराला सोडून दिलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आठ दिवसांची सरासरी एकेचाळीस. गणित मांडलं. उरलेले वीस दिवस रोज अडुसष्ट पडले तरच साठ गाठता येईल. मला पन्नासही पडत नाहीत.

दुपारी अंबूबाई भांडी घासत होत्या. आमच्याकडे बावीस वर्षं काम. सहज विचारलं, रात्री झोप कशी लागते? म्हणाल्या, "टेकलं की खलास. घरात चोर आला तं तोच मले पांघरून घालून जाईन."

मी बराच वेळ त्यांच्या मनगटाकडे पाहत होते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

एक्क्याण्णव.

व्यवस्था अशी. संध्याकाळी जाताना पट्टा अंबूबाईंच्या हातात. तो रात्रभराचं सगळं साठवून ठेवतो. सकाळी सातला त्या कामावर आल्या की माझा मोबाईल ते ओढून घेतो आणि पुण्याला मार्क जातात. सौमित्र आनंदाने बोलतच सुटला — काय केलंस आई? मी म्हटलं, गादी पिंजून घेतली.

याला कॉपी म्हणत नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

म्हणतात. यापेक्षा वाईटही म्हणतात. बोर्डाच्या परीक्षेत मी स्वतः एक डमी पकडला होता, चुलतभावाच्या जागी बसलेला. पोरगा वेळेआधी पेपर सोडवून मोकळा झाला, त्यावरूनच ओळखला. त्याला सगळ्या वर्गासमोर काय काय बोलले होते!

आज अठ्ठ्याऐंशी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पिंजारी शोधून गादी खरोखरच पिंजून घेतली. निदान एवढं तरी खरं असू दे. अंगणभर कापूस. त्र्याण्णव.

१६ नोव्हेंबर, रविवार

अंबूबाईंनी आज विचारलंच. नवरा, दयाराम, रोज विचारतो म्हणे — वेळ न दाखवणारं घड्याळ बाईनं तुले काऊन देल्लं? तेव्हा त्यांना बसवून सगळं सांगितलं. करार, सरासरी, साठ, पुणे, कुलूप. परीक्षेचं महत्त्व कळलं की विद्यार्थी अधिक मन लावतो, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. हातातला पट्टा दोनदा नीट करून पाहिला. "म्हंजे माह्या झोपेवर हाय सारं," एवढंच म्हणाल्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

एकसष्ट. होतं कधी कधी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सत्तेचाळीस!

१९ नोव्हेंबर, बुधवार

एकोणचाळीस. सौमित्रचा काळजीचा फोन. आई, एवढं छान चाललं होतं, मध्येच काय झालं?

अंबूबाईंना समोर उभं केलं. चार वाजल्यानंतर चहा बंद. झोपताना जायफळ घालून दूध — इथूनच तांब्या भरून दिला. तळपायाला खोबरेल. लवकर आडवं व्हायचं, विचार करायचा नाही. त्या मान डोलवत हाव, हाव म्हणत गेल्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

चौतीस. माझे स्वतःचे याहून बरे होते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी अंबूबाईंच्या आधी दयारामच दारात. माणूस एरवी तोंड उघडत नाही. आज उभ्याउभ्याच सुरू झाला. म्हणे, बाई, तुमचा तो काया पट्टा हिच्या हातचा काढून घ्या. काठीसारखी सरळ पडते, हालत नाही, कूस बदलली तं मार्क जातीन म्हणते. मी घोरलो तं कोपरानं ढोसते. आन् माहा डोया लागला की हालवून उठवते — "काहो, मी झोपली काय?"

"आता मी काय सांगू तिले?" म्हणाला. "म्हटलं, झोपली तू. तं म्हणते, मंग पट्ट्यावर दिसन का?"

हसू दाबायला मी आत जाऊन पाणी आणलं. तो गेल्यावर अंबूबाई आल्या. डोळे तांबडे, चेहरा उतरलेला. आज त्रेचाळीस आहेत, सुधारणा आहे, असं काहीतरी मी म्हणायला लागले. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"टेकलं की वाट्टे, आता मार्क पडून राह्यले. मंग वाट्टे, मी जागी राह्यली आन् मॅडम पुण्याले गेल्या. तुमी गेल्यावर मी सकाळी उठून कुठी येऊ?"

पट्टा काढून घेतला. हातावर वळ उठला होता. निसटू नये म्हणून सगळ्यात आतल्या भोकात अडकवलेला! बाहेरच्या खोलीत पिंजलेल्या गादीवर त्यांना झोपायला लावलं. एक वाजेपर्यंत झोपल्या. भांडी मी घासली.

कोणाची चांगली चाललेली झोप होती, ती मी मोजायला लावून बिघडवली. पुस्तकी बाई ती पुस्तकीच.

२३ नोव्हेंबर, रविवार

सौमित्रला फोन केला. उभी राहून बोलले. अकरा तारखेपासूनचे सगळे मार्क अंबूबाईंचे आहेत, त्यांना झोपायला मी बसवलं होतं, चूक माझी, मी नापास. ठरल्याप्रमाणे डिसेंबरात येते.

तो आधी इतका हसला की फोन हातातून पडला असावा. म्हणाला, मला वाटलंच होतं. सकाळी सातच्या आत तुझी पावलं एवढी कशी होतील? मग म्हणाला, पुण्याचं सोड, राहा तिथेच. आवाज मात्र हसणाऱ्या माणसाचा राहिला नव्हता.

पेपर कोरा ठेवून बाहेर पडू पाहणारा मुलगा मला पाठमोरा ओळखता येतो. विचारलं, "तुझ्या हातावर पण असाच पट्टा आहे ना? तुझे किती?"

"राहू दे ना, आई."

"किती?"

"बावीस."

"आज?"

"जूनपासून असंच."

जूनमध्ये सून, भार्गवी, नोकरीसाठी बंगळूरला गेली. तीन खोल्यांत हा एकटा. दोनला जागा होतो आणि मग सकाळ होण्याची वाट पाहतो. सकाळी सहाला फोन करायचा तो माझे मार्क सांगायला नव्हे, हे मला आता, या वयात कळतंय. हळूच म्हणाला, "दिवाळीत तिथे चार दिवस ऐंशीच्या वर होतो. तू स्वयंपाकघरात खुडबुड करत असलीस की मला झोप लागते."

मी त्याला खडसावलं — दोन्ही पट्ट्यांची वर्गणी बंद. एक पैसा भरायचा नाही. असल्या गोष्टी आईला तोंडाने सांगायच्या असतात! नंतर फोन ठेवून पुण्याच्या गाड्यांचं वेळापत्रक काढलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अंबूबाईंना सांगितलं. पुण्याला जाते, पण डिसेंबरचा महिना फक्त. पगार चालू, किल्ली तुमच्याकडे. "महिना म्हंजे तीस दिवस ना?" म्हणाल्या. एकतीस, मी म्हटलं. त्यांना तो एक दिवस आवडला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सरासरी काढली नाही. उद्या मलकापूरहून पुण्याची गाडी. सौमित्रला कळवलेलं नाही — कळवलं तर आज रात्रीही जागा राहील.