तेवीस फरश्या, पोट वर

मी, लेओकादिया गास्का एरांस, वय एक्क्याऐंशी, तेरुएल प्रांतातल्या कासारोया गावची रहिवासी, निवृत्त टपालवाहक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि देताना "जरा जास्तच ठिकाणावर आहे" असंही म्हटलं आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांनी आणून पाहिला त्यांची नावं पुढे येतील. २००९ सालचं मृत्युपत्र या लेखाने रद्द होतं, कारण त्यात मी माझ्या भावाला माफ केलं होतं.

पहिलं. माझं घर, परसातल्या अंजिरासकट, माझी भाची एल्विरा हिला. ती माझ्या भावाची, सातुर्निनोची मुलगी आहे. त्यात तिचा दोष नाही.

दुसरं. वडिलांच्या छिन्न्या, पाचरी, दोन पहारी आणि मोठा घण गावच्या शाळेला. माझे वडील एवारिस्तो गास्का पाथरवट होते. सोर्दा नावाच्या घळीत तांबड्या वालुकाश्माची खाण होती, तिथे त्यांची चाळीस वर्षं गेली. दगडाच्या प्रत्येक थराला नाव होतं: आंधळी, भाकरवाली, विधवा. प्रत्येक थराची एक खूण होती. ती खाणीच्या भिंतीवर कोरलेली असे आणि निघालेल्या प्रत्येक फरशीच्या कडेवरही, म्हणजे गवंड्याने सारख्या जाडीच्या फरश्या एकत्र लावाव्यात. हत्यारं काचेच्या कपाटात ठेवू नयेत. मुलांना उचलून पाहू द्यावीत.

तिसरं. माझी इयत्ता चौथीची चित्रकलेची वही मी शिकले त्या कॉन्व्हेंटला. तिच्यात पाच बोटांचा एक हात आहे. आमच्या डुकरांच्या गोठ्यात भिंतीला टेकवलेल्या फरशीवर तसा होता, तसाच मी काढला. मदर एस्कोलास्तिका म्हणाल्या, "अंगठा चुकीच्या बाजूला आलाय. खोड."

"मदर, आमच्या दगडावर असाच आहे."

"मग तुमचा दगड चुकलाय."

पट्टीचे दहा फटके बसले. मी खोडलं नाही. आता पुस्तकांत छापलं आहे की तो अंगठा नव्हेच. मगरीच्या कुठल्याशा जुन्या भाऊबंदाची ती बाहेर वळलेली करंगळी आहे. वही दर्शनी भिंतीवर लावावी.

चौथं, आणि हे नीट वाचावं. चोवीस कोटी वर्षांपूर्वी इथे नदी होती. ते जनावर ओल्या चिखलातून चालत गेलं, चिखल उन्हाने तडकला, मग पूर आला आणि पावलांच्या खळग्यांत वाळू बसली. वाळूचा दगड झाला. म्हणून पाऊल असतं ते दगडाच्या पोटाला, आणि खोल नसतं, फुगीर असतं. पाथरवट त्याला खरूज म्हणत. खरूज आलेली फरशी कोणी घेत नसे. चांगल्या गिऱ्हाईकासाठी ती छिन्नीने तासून काढत, आणि उरलेल्या फरश्या पाथरवटाच्या स्वतःच्या घरात लागत, पाठ वर, पोट खाली. आमच्या स्वयंपाकघरात सोर्दाच्या तेवीस फरश्या आहेत, बऱ्याचशा खरजेच्या, असं वडील सांगत. वडिलांनी त्या तासल्या नाहीत. म्हणाले, "हात तो हात. मी नाही कापणार."

पाचवं. सातुर्निनोला माझ्याकडून काही नाही. १९६८ साली राजधानीहून प्राध्यापक किलेस आले. गोठ्यातली फरशी पाहून ते तिथेच गुडघ्यांवर बसले. सातुर्निनोने सांगितलं, ही माझ्या टेकडीवरच्या लास एरास शेतात सापडली. वडील तिथेच उभे होते.

"साहेब, त्या शेतात दगडच नाही, नुसती माती आहे. ही सोर्दाची. कडेला विधवेची खूण बघा."

"काका, तुमच्या खुणा तुमच्यापाशी राहू द्या. शेताचा मालक स्वतः सांगतोय ना?"

संग्रहालयात लाकडी चौकटीत नीट बसावी म्हणून फरशीच्या चारही कडा करवतीने कापल्या. खूण गेली. लास एरासला कुंपण आलं, पाटी आली, रस्ता आला. आजही शाळेच्या सहली तिथे जातात आणि मुलं मातीकडे बघून परत येतात. वडील अकरा वर्षं त्याच पाटीवरून जात-येत राहिले आणि वारले.

आता पवनचक्क्यांच्या रस्त्याचा राडारोडा टाकून सोर्दाची घळ बुजवणार आहेत. कंपनीच्या अहवालात लिहिलं आहे की घळीत जीवाश्म नाहीत, ते चार किलोमीटरवर लास एरासला आहेत. मी तीन हरकती पाठवल्या. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: पुरावा जोडलेला नाही.

सहावं. म्हणून माझ्या मृत्यूनंतर चाळीस दिवसांत एल्विराने स्वयंपाकघराची फरशी नोटरीसमोर उचलावी, फरश्या उलटाव्यात आणि कडेच्या खुणा घळीच्या भिंतीशी ताडून पाहाव्यात. तसं न केल्यास घर तिला मिळू नये.

सातवं. वरचं सहावं कलम रद्द. कारण असं की एल्विराने कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"आत्या, घळ कधी बुजवणार आहेत?"

"सप्टेंबरात."

"आणि तू कधी मरणार आहेस?"

"अजून ठरवलं नाही."

"मग? पहार कुठे ठेवलीयेस?"

एक्क्याऐंशी वर्षांत माझ्या घराण्यातलं इतकं सरळ बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

४ सप्टेंबरला फरशी उचलली. पहिल्या तीन कोऱ्या निघाल्या. चौथीवर चिखलाच्या तड्यांचं जाळं होतं आणि त्याच्या मधोमध हात. तेविसांपैकी चौदांवर हात निघाले. सातुर्निनो दाराशी येऊन उभा होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे, काठी लागते. वाकून त्याने एका फरशीच्या कडेवर बोट फिरवलं.

"लेओ, ही विधवेची खूण."

"तुला ती वाचता येते, हे त्रेपन्न वर्षांनी कळलं."

"टेकडीवरच्या घरापर्यंत रस्ता हवा होता गं. एल्विराच्या वेळी बायकोला कळा येत असताना खेचरावरून खाली आणली होती. दोघी वाचणार नाहीत म्हणाले होते."

एल्विरा पहार धरून उभी होती. हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी त्याच्यापुढे कागद ठेवला. फरशी सोर्दाची होती, लास एरासची नव्हती, असं त्याने लिहिलं आणि सही केली. तो कागद सोबत जोडला आहे. माफीचं म्हणाल तर २००९ सालची परत देत नाही. नवीचा विचार चालू आहे.

दुसऱ्या दिवशी विधवेची एक फरशी ट्रॅक्टरवर घालून घळीत नेली. भिंतीत त्या थराचा तुटका भाग अजून आहे, वर तीच खूण. फरशीची मोडलेली कड तिथे लावली. मध्ये सुरीचं पातं जाईना. फोटो काढले, चौथी हरकत पाठवली, पुरावा जोडला. उत्तर आलं की हरकतींची मुदत ऑगस्टमध्ये संपली.

आठवं. नोटरी म्हणतात, जमिनीतून निघालेल्या अशा वस्तू देशाच्या असतात, त्या मला कोणाला देता येत नाहीत. बरं. मग कंपनीला त्या गाडताही येत नाहीत. तेवीसही फरश्या आज आम्ही सोर्दा घळीच्या तोंडाशी रस्त्यावर आडव्या मांडल्या आहेत, पोट वर करून. पुढे जायचं असेल त्याने हातांवरून गाडी न्यावी, आणि ते कागदावर लिहून द्यावं. मी जिवंत असेपर्यंत त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसेन. नंतर एल्विराने बसायचं की नाही, ते मी अटीत घालत नाही. ती बसेल.

नववं. घर एल्विराला बिनशर्त मिळावं. स्वयंपाकघरात जमीन नाही, त्याबद्दल दिलगीर आहे.

हे सगळं लिहिलेलं खालील माणसांना वाचून दाखवलं. तिसरा साक्षीदार मी आयत्या वेळी घेतला. तो सकाळी नऊला राडारोड्याचा पहिला ट्रक घेऊन आला आणि म्हणाला, "आजी, मला फक्त एवढं खाली करायचंय."

"कर की. ह्यांच्यावरून ने."

तो खाली उतरला. एका फरशीपाशी उकिडवा बसला आणि आपला पंजा त्या हातावर ठेवून पाहिला. मग वर चढून त्याने इंजिन बंद केलं.

ठिकाण: सोर्दा घळीचं तोंड, कासारोया
दिनांक: १४ सप्टेंबर २०२१

(सही) लेओकादिया गास्का एरांस

साक्षीदार:
१. फेर्मिना आल्काइने, बेकरीवाली. वाचून ऐकलं, सगळं खरं आहे.
२. ब्लास सोरियानो, ट्रॅक्टरवाला. कड जुळताना मी स्वतः पाहिली.
३. ओविदियु मुंतेआन, ट्रकचालक. ऐकून, समजून सही केली. ट्रक भरलेलाच परत नेतो आहे.